अर्धशिशी व तिच्याशीं वागण्याची रीति

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांचें एखादें तरी माणूस हल्लीं मुंबईच्या उपनगरांत राहतें. कोणाचा मुलगा बोरिवलीस, कोणाची मुलगी मुलुंडास, कोणाचा भाऊ घाटकोपर किंवा अंधेरी येथें कामास असतो. सुटींत तीं माणसें गांवीं आलीं म्हणजे त्यांच्या तोंडून एक तक्रार वारंवार ऐकूं येते: "अर्धें डोकें धरतें, उजेड सहन होत नाहीं, उलटी झाल्यावांचून बरें वाटत नाहीं." गांवांतील बायांसहि हें दुखणें अनोळखी नाहीं. कोणी त्यास पित्त म्हणतात, कोणी सायनस, कोणी डोळ्यांचा नंबर वाढला म्हणतात, कोणी दृष्ट लागली म्हणतात. आणि कांहीं जण तर बाईचें ढोंग असें म्हणून मोकळे होतात. खेड्यांत उपदेशकांस व शाळेच्या मास्तरांस लोक अशा गोष्टींविषयीं सल्ला विचारतात, म्हणून हा पाठ मुख्यतः त्यांच्यासाठीं लिहिला आहे. त्यांनीं वैद्याचें काम करावें असा हेतु नाहीं. रोगी बाईस काय सांगावें, काय सांगूं नये, आणि तिला डॉक्टरकडे केव्हां पाठवावें, एवढें त्यांस कळलें म्हणजे पुष्कळ झालें.

ह्या दुखण्यास आपण अर्धशिशी म्हणतों, डॉक्टर लोक मायग्रेन म्हणतात, आणि दोन्ही नांवांच्या मुळाशीं एकच अर्थ आहे. ग्रीक वैद्य गालेन ह्यानें 'अर्धें डोकें' अशा अर्थाचा शब्द योजिला, तोच झिजत झिजत मायग्रेन झाला. आपल्या सुश्रुतसंहितेंतहि अर्धावभेदक नांवाचा शिरोरोग सांगितला आहे. परंतु नांवावरून फसूं नये. कित्येकांचें दुखणें दोन्ही बाजूंस असतें. ठोके पडल्यासारखी वेदना, जिना चढतांना किंवा खालीं वांकतांना ती वाढणें, मळमळ किंवा उलटी, आणि उजेड व आवाज सहन न होणें, हीं खरीं लक्षणें होत. औषध न घेतल्यास प्रौढ माणसाचा झटका ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकतो. मुलांचा पुष्कळदां लवकर आटोपतो. झटका ओसरल्यावर एखादा दिवस गळून गेल्यासारखें वाटतें, आणि मग मनुष्य पूर्ववत् धडधाकट होतो. साध्या ताणाच्या डोकेदुखींत कपाळाभोंवतीं पट्टा आवळल्यासारखें होतें, तरी मनुष्य आपलें काम करीत राहतो; अर्धशिशीचा रोगी अंधाऱ्या कोंपऱ्यांत जाऊन पडतो. एवढ्या एका फरकावरूनहि दोहोंतील भेद पुष्कळ अंशीं ओळखतां येईल.

जगांत सातांपैकीं सुमारें एका माणसास ही व्याधि आहे, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत ती दुपटी-तिपटीनें अधिक आढळते. बंगलोरच्या निम्हान्स संस्थेच्या वैद्यांनीं त्या शहरांत व आसपासच्या खेड्यांत घरोघर जाऊन पाहणी केली, तींत वर्षभरांत अर्धशिशी झालेलें माणूस प्रौढांत चारांपैकीं सुमारें एक निघालें. तरुण स्त्रियांच्या आयुष्याचे दिवस ज्या रोगांनीं निकामी होतात, त्यांत जगभर अर्धशिशीचा क्रमांक पहिला लागतो. हिनें सहसा मरण येत नाहीं, म्हणूनच हिची दाद कोणी घेत नाहीं.

आतां एक उदाहरण कल्पूं या. आपल्या गांवची एक मुलगी लग्न होऊन मुलुंडास गेली. मरोळच्या एका कचेरींत तिला नोकरी आहे. पहांटे उठून ती सर्वांचे डबे भरते व स्वतः कपभर चहा घेऊन निघते. लोकलनें घाटकोपर, आणि तेथून २०१४ सालीं सुरू झालेल्या मेट्रोनें मरोळ नाका, असा तिचा रोजचा प्रवास. फलाटावर सकाळचें तिरपें ऊन डोळ्यांवर येतें. बायकांच्या डब्यांत उभें राहण्यापुरती जागा मिळाली तरी समाधान. तेथें गजरे, अत्तर, केंसांचें तेल व घाम ह्यांचे वास एकमेकांत मिसळलेले असतात. दुपारचें जेवण केव्हां एक वाजतां, केव्हां तीन वाजतां. पाणी ती मुद्दाम कमी पिते, कारण वाटेंत सोय मिळेल कीं नाहीं ही धास्ती. रात्रीं घरचें सर्व आवरून निजावयास बारा वाजतात. महिन्यांतून तीन-चार वेळां दुपारीं तिच्या उजव्या डोळ्यामागें ठोके पडूं लागतात. रजा मागावी तर साहेब म्हणतात, डोकें तर सर्वांचेंच दुखतें. घरीं पडून राहावें तर सासूबाई म्हणतात, आमच्या वेळीं असली नाजूक दुखणीं नव्हतीं. म्हणून ती पिशवींत गोळ्यांचें पाकीट ठेवते. ह्या मुलीस आपण पाठभर बरोबर घेऊं.

तिच्या डोक्यांत होतें तरी काय? मेंदूस स्वतःला वेदना कळत नाहीं; मेंदूवरील आवरणास व तेथील रक्तवाहिन्यांस मात्र ती कळते. चेहऱ्याला व ह्या आवरणाला जाणारा एक मोठा मज्जातंतु आहे. झटक्याच्या वेळीं त्याच्या टोंकांतून सीजीआरपी नांवाचें एक द्रव्य स्रवतें, त्यानें तेथील वाहिन्या फुगतात, तंतु अधिक हळवे होतात, आणि नाडीचा एकेक ठोका वेदना म्हणून जाणवूं लागतो. न्यूयॉर्कचे डॉक्टर हॅरल्ड वुल्फ ह्यांनीं १९३८ च्या सुमारास रक्तवाहिन्यांचें फुगणें हेंच मूळ कारण ठरविलें होतें. आतां तें कारण अपुरें मानितात. मूळ मेंदूच्या जात्याच असलेल्या हळवेपणांत आहे, आणि तो पुष्कळदां आईबापांकडून आलेला असतो. अशा मेंदूस बदल मानवत नाहीं. झोंप कमी झाली तरी तो दुखतो, अधिक झाली तरी दुखतो. जेवण चुकलें, रोजचा चहा चुकला, एकाएकीं उन्हांत जावें लागलें, महिन्याच्या पाळीपूर्वीं शरीरांतील स्त्रीद्रव्याचें प्रमाण उतरलें, फार दिवसांची काळजी एकदम संपली, तरी त्यास धक्का बसतो. ही एक गोष्ट नीट समजली म्हणजे पुढील सर्व उपाय आपोआप समजतील: ह्या रोग्याचा एक दिवस दुसऱ्या दिवसासारखा असावा.

महाराष्ट्रांत ह्या रोगानें घेतलेलें सर्वांत मोठें सोंग म्हणजे पित्त. डोकें दुखूं लागलें, मळमळलें, कडू पिवळें पाणी पडलें, आणि मग डोकें उतरलें. तेव्हां पित्तच डोक्यांत चढलें होतें असें घरचीं माणसें अनुमान करितात. अनुमान सरळ दिसतें, पण तें उलटें आहे. झटका मेंदूंत सुरू होतो, आणि उलटीची प्रेरणा तेथूनच पोटाकडे येते. त्या वेळीं पोटाची हालचाल मंदावते, म्हणून सकाळीं खाल्लेलें अन्न दुपारींहि जसेंच्या तसें पडतें. पोट रिकामें असलें तर पित्तरसाखेरीज पडणार तरी काय? कित्येकांचा झटका उलटीबरोबर ओसरतो हें खरें. त्यानंतर बहुधा थकवा येऊन झोंप लागते, आणि झोंप हा तर ह्या रोगावरील जुना व चांगला उपाय आहे. परंतु कढत मीठपाणी पिऊन किंवा घशांत बोटें घालून मुद्दाम उलटी काढणें चुकीचें आहे. त्यानें शरीरांतील पाणी जातें, आणि थोड्या वेळापूर्वीं घेतलेली गोळीहि जाते. मोरावळा खाण्यास गोड आहे, कोकमाचें सरबत उन्हांतून आलेल्यास बरें वाटतें. त्यांच्याशीं आमचें भांडण नाहीं. मात्र पित्ताची गोळी वर्षानुवर्षें रोज सकाळीं घेऊनहि डोकें दुखावयाचें राहत नसेल, तर शत्रु दुसराच आहे हें ओळखावें.

ह्याच गोष्टींतून एक अत्यंत उपयोगी धडा निघतो. झटका भरांत आल्यावर पोट मंदावलेलें असतें, म्हणून त्या वेळीं घेतलेली गोळी पोटांतच पडून राहते आणि गुण देत नाहीं. आपली मुलुंडची मुलगी काय करिते? "इतक्यांत कशाला गोळी, कदाचित् राहील आपोआप," असें म्हणून ती दोन-तीन तास सोसते, आणि संध्याकाळीं गाडींत बसण्यापूर्वीं गोळी घेते. गोळी वायां जाते, म्हणून ती घरीं आणखी एक घेते. तिनें ती दुखणें सुरू होतांच, बनेल तर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासांत, पुरत्या मात्रेनें घेतली असती तर एवढ्यावर भागलें असतें. मळमळ फार होत असेल तर उलटी थांबविणारें औषध डॉक्टर जोडीस देतात. त्यानें पोट चालूं लागून वेदनेची गोळीहि लागू पडते.

सायनसचें सोंगहि असेंच. झटक्यांत नाक चोंदतें, डोळ्यांस पाणी येतें, गालफड दुखतें, म्हणून लोक वाफारे घेतात. खऱ्या सायनसच्या विकारांत नाकांतून घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड येतो व पुष्कळदां तापहि असतो. तीं लक्षणें नसून मळमळ व उजेडाचा तिटकारा असेल, तर तें दुखणें बहुतकरून अर्धशिशीचेंच. चष्म्याचा नंबर एकदां तपासून घ्यावा, पण नवा चष्मा लागला म्हणजे अर्धशिशी गेली असें सहसा होत नाहीं.

आजीबाईच्या बटव्यांतील उपायांविषयीं दोन शब्द. कपाळास फडकें घट्ट बांधणें निरुपद्रवी आहे व पुष्कळांस त्यानें बरें वाटतें. सुंठेचा लेप त्वचेस चुरचुरतो आणि तेवढा वेळ लक्ष दुसरीकडे जातें. कातडी भाजेल इतका मात्र ठेवूं नये. सूर्य उगवण्यापूर्वीं दूध-जिलबी खावी असें कित्येक ठिकाणीं सांगतात. उपाशी पोटानें उठणारें दुखणें पहांटे खाल्ल्यानें टळत असेल तर त्यांत नवल नाहीं, परंतु तें श्रेय जिलबीचें नसून न्याहारीचें आहे, आणि तें काम भाकरीहि करिते. कपाळास डाग देणें, अंगांत आलें म्हणून मारणें, धूर कोंडणें, हे मात्र निव्वळ अत्याचार होत. तेथें उपदेशकानें गप्प बसूं नये.

आतां दिवसाच्या व्यवस्थेकडे वळूं. आपल्या मुलीस नोकरी सोडतां येत नाहीं, लोकलची गर्दी कमी करतां येत नाहीं, मुंबईची मे व ऑक्टोबर महिन्यांतील उष्णता तर कोणाच्याच हातची नाहीं. पण जें हातचें आहे तें थोडें नाहीं. घरांतून निघण्यापूर्वीं चहाबरोबर एक पोळी किंवा भाकरी खावी. तेवढाहि वेळ नसेल तर केळें व मूठभर चणे पिशवींत असावे. दुपारचें जेवण कामामुळें लांबणार असें दिसलें तर ठरलेल्या वेळीं चार घांस तरी खाऊन घ्यावे. पाण्याची बाटली कचेरींत पोंचल्यावर एकदां व दुपारीं एकदां रिकामी करावी, म्हणजे प्रवासांत अडचण येत नाहीं. फलाटावर छपराखालीं उभें राहावें. उन्हांत काळा चष्मा वापरण्यांत नटवेपणा कांहीं नाहीं, आणि साध्या छत्रीनेंहि काम भागतें. वासाचा त्रास होत असेल तर डब्याच्या दाराजवळच्या हवेच्या मोहानें लोंबकळूं नये. आंत खिडकीकडे सरकावें, नाहींतर पातळ रुमाल नाकाशीं धरावा. रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास कायद्यानें मनाई आहे. उत्सवाच्या दिवसांत सरकार ती मोजक्या रात्रीं थोडी सैल करितें, आणि त्या रात्रीं कानांत कापसाचे बोळे घालून निजणें हाच शहाणपणा.

झोंपेविषयीं लोक एक चूक नेहमीं करितात. सहा दिवस पांच तास निजावयाचें व रविवारीं नऊ वाजेपर्यंत लोळावयाचें, ह्यानें थकवा भरून निघतो असें त्यांस वाटतें. अर्धशिशीच्या मेंदूस तो रविवार भोंवतो. शिवाय रोज सहा वाजतां मिळणारा चहा त्या दिवशीं साडेनऊस मिळतो, आणि चहांतील द्रव्याची ज्यास संवय झाली आहे त्याचें डोकें तेवढ्यानेंहि उठतें. रविवारच्या सकाळच्या उपासनेंत ज्यांचें डोकें नेमानें दुखतें त्यांनीं उपदेशकाच्या लांबलेल्या व्याख्यानास दोष देण्यापूर्वीं आपला चहा किती वाजतां झाला तें पाहावें. उठण्याची वेळ सातहि दिवस एकच असावी. फार तर अर्ध्या तासाचा फरक चालेल. चहा सोडलाच पाहिजे असें नाहीं, दिवसास दोन कप पुरेत, पण ते रोज त्याच वेळीं घ्यावे.

खाण्याच्या पथ्याच्या लांबलचक याद्या छापलेल्या असतात. त्यांवर आमचा फारसा विश्वास नाहीं. झटक्याच्या आदल्या दिवशीं कित्येकांस जांभया येतात, मान आंखडते, चिडचिड होते, आणि गोड खावेंसें वाटतें. मग तो मनुष्य चॉकलेट किंवा मिठाई खातो, दुसऱ्या दिवशीं डोकें दुखतें, आणि आळ मिठाईवर येतो. वस्तुतः झटका आंतल्या आंत आधींच सुरू झालेला असतो. गोडाची इच्छा हें त्याचें कारण नव्हे, ती त्याची वर्दी आहे. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळीं दुखणें येत असेल तर तोच सोडावा. उगीच सर्वच पदार्थ सोडून उपास काढणें हें तर दुखण्यास आमंत्रण. जांभयांची व मानेच्या आंखडण्याची वर्दी मात्र ओळखावयास शिकावें, आणि त्या दिवशीं जेवण, पाणी व झोंप ह्यांस विशेष जपावें.

झटका आलाच तर शक्य तितक्या लवकर अंधाऱ्या, शांत जागीं पडावें, कपाळावर थंड पाण्याचें फडकें ठेवावें, पाणी घोंट घोंट घ्यावें. प्रौढ माणसास पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या एकदम, किंवा आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम थोडें खाऊन, ही पुरती मात्रा होय. यकृताचा विकार असलेल्यानें, दारू पिणाऱ्यानें किंवा अगदीं कृश माणसानें पॅरासिटामॉलची मात्रा डॉक्टरांस विचारून घ्यावी. पोटांत व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण असतां आयब्युप्रोफेन डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून घेऊं नये. पावसाळ्यांत अंगांत ताप असेल तर तें व ॲस्पिरिन दोन्हीं टाळावीं, कारण तो ताप डेंग्यूचा असल्यास रक्तस्रावाचें भय असतें. सोळा वर्षांखालील मुलांस ॲस्पिरिन देऊंच नये. ह्या गोळ्यांनीं भागत नसेल तर ट्रिप्टान जातीचीं औषधें आहेत. तीं १९९० नंतरच्या दशकांत प्रचारांत आलीं, खास ह्याच रोगासाठीं आहेत, पण हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्यांस तीं वर्ज्य, म्हणून तीं चिठ्ठीवांचून घेऊं नयेत.

येथें ह्या पाठांतील सर्वांत महत्त्वाची सूचना येते. आपल्या मुलीनें पहिल्या वर्षीं महिन्यास चार गोळ्या घेतल्या. मग गाडींत दुखूं नये म्हणून आधींच एक घेऊं लागली. मग आठवड्यास चार दिवस. आतां रोज सकाळीं उठतांच डोकें जड असतें, गोळी घेतली कीं दुपारपर्यंत बरें, पुन्हां जड. तिला वाटतें रोग वाढला; खरें पाहतां आतां गोळीच डोकें दुखविते. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यांतून १५ किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या, ट्रिप्टान किंवा अरगटाचीं औषधें १० किंवा अधिक दिवस, अशीं तीन महिन्यांपेक्षां जास्त काळ चाललीं, म्हणजे हें दुखणें जडतें. पानवाल्याकडे किंवा वाण्याकडे सुटी मिळणारी डोकेदुखीची गोळी पुष्कळदां मिश्र जातीची असते, तींत चहांतीलच द्रव्य असतें, म्हणून तिचा लळा लवकर लागतो. आठवड्यांतून दोन दिवसांपेक्षां अधिक दिवस गोळी घेऊं नये, हा नियम भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे. ज्यास हा फांस आधींच पडला आहे त्यानें डॉक्टरांस सर्व कांहीं खरें खरें सांगून गोळी सोडावी. पहिले कांहीं दिवस, कधीं दोन आठवडेहि, डोकें पूर्वीपेक्षां अधिक दुखतें, उलट्या होतात, झोंप येत नाहीं. ह्या दिवसांत घरच्यांनीं तिला स्वयंपाकांतून मोकळें करावें, एवढें सासूबाईंच्या हातीं आहे. त्यानंतर बहुतेकांस उतार पडतो.

महिन्यांतून चार किंवा अधिक दिवस झटक्यांत जात असतील तर झटके येऊंच नयेत म्हणून रोज घेण्याचीं औषधें आहेत. प्रोप्रानोलोल (दमेकऱ्यांस वर्ज्य), रात्रीं घेण्याचें ॲमिट्रिप्टिलीन, फ्लुनारिझीन, टोपिरामेट हीं त्यांपैकीं होत. बहुतेक जुनीं व स्वस्त आहेत. त्यांचा गुण दिसण्यास दोन-तीन महिने लागतात, म्हणून दहा दिवसांत सोडूं नयेत. टोपिरामेट किंवा व्हाल्प्रोएट चालूं असतां गर्भ राहिल्यास बाळास अपाय होतो. मूल होण्याच्या वयांतील स्त्रीनें ही गोष्ट डॉक्टरांशीं स्पष्ट बोलावी. सीजीआरपीस अडविणारीं टोंचण्याचीं औषधें अमेरिकेंत २०१८ सालीं मान्य झालीं. तीं गुणकारी आहेत, पण किंमत आपल्या लोकांच्या आवांक्याबाहेरची.

ह्या मुलीचा भाऊ बोरिवलीस राहतो असें समजूं. त्यास रात्रपाळीचें काम, तीहि दर आठवड्यास बदलणारी. त्याचें डोकें दुखण्यापूर्वीं डोळ्यांपुढें चमकणारी नागमोडी रेघ उठते, ती पसरत पसरत कडेस जाते, मध्यें अक्षरें दिसेनाशीं होतात. वीस-पंचवीस मिनिटांनीं सर्व साफ होतें व मग वेदना सुरू होते. त्यास वाटलें, आंधळेपण आलें, किंवा कोणीं कांहीं केलें. ह्यास डॉक्टर ऑरा म्हणतात, आणि तो ५ मिनिटांपासून तासभर टिकतो. १९४१ सालीं कार्ल लॅशली ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें आपल्याच डोळ्यांपुढील रेघ कागदावर काढून हिशेब केला, तेव्हां मेंदूवर कांहीं तरी मिनिटास सुमारें ३ मिलिमीटर ह्या वेगानें सरकत असावें असें निघालें. १९४४ सालीं ब्राझिलच्या लेयाओ ह्यांनीं सशाच्या मेंदूवर तशीच मंद लाट प्रत्यक्ष दाखविली. तेव्हां बाहेरचें कोणी कांहीं करीत नाहीं. ह्या भावानें पाळी महिनाभर तरी एकच मागून घ्यावी, दिवसा निजतांना खिडकीस जाड कापड लावावें, आणि राष्ट्रीय उद्यानाच्या झाडांखालीं रोज अर्धा तास चालावें. नेमाच्या चालण्यानें झटके कमी होतात. विडी तर सोडावीच.

ज्या स्त्रियांस असा ऑरा येतो त्यांच्यासाठीं एक गोष्ट जपून ध्यानांत ठेवण्याची आहे. माला-डी, माला-एन ह्या कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतें, आणि ऑरा येणाऱ्या स्त्रीस त्यानें पक्षाघाताचा धोका वाढतो. तिनें त्या घेऊं नयेत. आरोग्यसेविकेस किंवा डॉक्टरांस ऑराविषयीं सांगून दुसरा उपाय मागावा. गरोदरपणाच्या पुढील महिन्यांत पुष्कळ स्त्रियांची अर्धशिशी कमी होते, आणि पाळी कायमची गेल्यावरहि होते.

कोणतें डोकें अर्धशिशीचें नव्हे हेंहि ठाऊक पाहिजे. जन्मांत कधीं नव्हे असें, क्षणांत कळसास पोंचणारें दुखणें. ताप व मान वळत नाहीं असें दुखणें. हातपाय लुळा पडणें, तोंड वांकडें होणें, बोबडी वळणें, आंचके येणें. डोक्यास मार लागल्यानंतर वाढत जाणारें. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेलें. डोळा लाल होऊन दुखणें व अंधुक दिसणें. गरोदर किंवा नुकत्या बाळंत झालेल्या बाईचें डोकें दुखून डोळ्यांपुढें अंधारी येणें. ह्यांत गोळी देऊन सकाळची वाट पाहूं नये. घाटकोपर-मुलुंडकडील माणसानें राजावाडी रुग्णालयांत, अंधेरीकडील माणसानें कूपर रुग्णालयांत तांतडीच्या विभागांत जावें. गांवीं असल्यास १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

राहिलेल्यांनीं एक साधी वही करावी. शाळेची चाळीस पानी वही चालेल. तींत तारीख, दुखणें किती वाजतां सुरू झालें, आदल्या रात्रीं किती तास झोंप, शेवटचें खाणें किती वाजतां, पाळीचा दिवस, कोणती गोळी किती वाजतां, आणि पडून राहावें लागलें कीं नाहीं, एवढेच रकाने आंखावे. ज्यास लिहितां येत नाहीं त्याच्यासाठीं घरांतील शाळकरी मुलानें लिहावें. आपल्या मुलुंडच्या मुलीनें ही वही दोन महिने ठेवली तर सकाळीं न खातां निघाल्याचे दिवस व झटक्याचे दिवस किती वेळां एकच येतात, आणि गोळीच्या खुणा महिन्यास दहांच्या वर जातात कीं नाहीं, तें तिला स्वतःस दिसेल. दवाखान्यांतील गर्दींत डॉक्टरांजवळ पांच मिनिटेंच असतात, आणि त्या वेळीं रोग्यास कांहींएक नीट आठवत नाहीं. तिनें बोलावयास सुरुवात करण्याआधीं ती वही त्यांच्यापुढें उघडून ठेवावी, आणि सासूबाईंस शक्य असेल तर त्या दिवशीं बरोबर घेऊन जावें.